विंडोज ११ टाकल्यापासून मशीन रोज सकाळी अडतंय? फॉरमॅट मारण्याआधी मदरबोर्डावरचा सेल बघा

एका दुकानातली तक्रार अशी होती. संध्याकाळी मशीन व्यवस्थित बंद करायचं, सकाळी चालू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. विंडोज येतच नाही. मेकॅनिक येतो, पाच मिनिटं काहीतरी खुडबुड करतो, मशीन चालू होतं आणि दिवसभर मुकाट चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि हे सगळं विंडोज १० वरून ११ वर गेल्यापासून सुरू झालेलं, त्यामुळे दुकानात सगळ्यांचं एकमत: अकराच खराब आहे, दहा परत मारा.

तो मेकॅनिक मीच. तीन सकाळी जाऊन आलो, तिसऱ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा आमच्या चिपळुणात जो तो ‘अकरा टाकून द्या’ म्हणत येत होता. तेव्हापासून याच जातीची आणखी काही मशीनं हातांखालून गेली, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय.

मशीन एका झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातलं. असेंबल केलेलं, इंटेलचा आठव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, नंतर बसवलेली २४० जीबीची एसएसडी आणि डेटासाठी जुनी १ टीबीची हार्डडिस्क. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे बसतात, म्हणजे हे काठावर पास. अपग्रेड मीच करून दिलं होतं आणि ते विनातक्रार झालं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

नक्की कुठे अडतंय?

‘चालू होत नाही’ एवढंच सांगून कोणी फोन ठेवला तर मी परत फोन करतो. पंखा फिरतो का, कंपनीचा लोगो येतो का, त्याच्यापुढे काय दिसतं, हे विचारल्याशिवाय औषध सांगता येत नाही.

पंखाच फिरत नसेल, किंवा पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही, तर विंडोजला दोष देऊ नका. तिथपर्यंत विंडोजचा नंबरच लागलेला नसतो. रॅम काढून तिच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने पुसा, परत बसवा, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तपासा. अपग्रेडच्याच आठवड्यात हे झालं असेल तर बहुतेक वेळा तो योगायोग, किंवा अपग्रेडच्या निमित्ताने कॅबिनेट हलवल्याचा परिणाम.

लोगो येतो, ठिपके गोल गोल फिरतात आणि फिरतच राहतात. साध्या हार्डडिस्कवर अपग्रेड केलं असेल तर पहिल्या वेळी तास-दोन तासही जाऊ शकतात. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा लुकलुकतोय तोवर बटणाला हात लावू नका. अर्ध्यात बटण दाबून बंद पाडलेलं अपग्रेड निस्तरणं हे या सगळ्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे. दिवा पूर्ण शांत आहे आणि तासभर काहीच हललेलं नाही, तर मात्र बंद करा. दोन-तीन वेळा बूट अर्ध्यात तुटलं की विंडोज स्वतःहून निळा रिकव्हरीचा पडदा उघडतं. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. त्यातला ‘फीचर अपडेट’ काढला की जुनं विंडोज परत येतं, पण अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आतच. जागा हवी म्हणून कोणी ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर उडवलं असेल तर तेही नाही.

निळा (अकराच्या नव्या आवृत्त्यांत काळा) पडदा येऊन त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बघा. विंडोज बसवताना तो एएचसीआय होता की रेड, आणि आता काय आहे? मधे बदललेला असला तर जसा होता तसा करा. नव्वद टक्के काम तिथेच संपतं.

लॉगिन होतं आणि मग काळा पडदा, नुसता माउसचा बाण? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र आलं तर ड्रायव्हरचा घोळ. सेफ मोडमध्ये जाऊन तो काढा आणि कंपनीचा नवा टाका.

आणखी एक जात आहे. मायक्रोसॉफ्टच्या अटी चुकवून, पेन ड्राइव्हमध्ये कसली तरी युक्ती करून फार जुन्या मशीनवर अकरा बसवलेलं असतं. कोअर टू ड्युओवर पहिली आवृत्ती चाललीही असेल, पण २०२४ च्या २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची एक सूचना असावीच लागते. ती नसेल तर विंडोज लोगोच्या पुढे सरकत नाही. तिथे दुरुस्ती नाही. दहा परत टाका किंवा लिनक्स मिंट टाका, आणि गिऱ्हाइकाला खरं ते सांगा.

त्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनला यातलं काहीच नव्हतं. पंखा, डिस्प्ले, लोगो सगळं ठीक. लोगोनंतर विंडोजची खूणसुद्धा नाही, थेट ‘बूट डिव्हाइस’वाली ओळ. म्हणजे मदरबोर्डाला विंडोज सापडतच नव्हतं.

मी काय काय करून चुकलो

पहिल्या सकाळी मी विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला आणि स्टार्टअप रिपेअर केलं. त्याचा नेहमीचा जबाब: दुरुस्त करता आलं नाही. मग कमांड प्रॉम्प्टवर बूटरेक, म्हणजे बूट दुरुस्त करायची विंडोजची कमांड. फिक्सबूट म्हटलं तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’. यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) मशीनवर हे उत्तर इतक्यांना मिळतं की मी ते आता मनावर घेत नाही. तिथे बूटरेकच्या नादी लागायचंच नाही, बीसीडीबूट वापरायचं. इंग्रजीत बीसीडीबूट लिहा, एक जागा सोडा, पुढे विंडोजच्या फोल्डरचा पत्ता द्या. फक्त रिकव्हरीमध्ये विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर सी असेलच असं नाही, डी किंवा ई सुद्धा दाखवतं. म्हणून आधी डिस्कपार्टमध्ये व्हॉल्यूमची यादी मागवून, आकार बघून ओळख पटवा. बूटच्या फाइल्स नव्या लिहिल्या गेल्या. मग बायोसमध्ये डोकावलो, तर बूट मोड ‘लेगसी’वर, म्हणजे जुन्या पद्धतीवर. मला वाटलं, अपग्रेडच्या दिवशी गडबडीत माझ्याकडूनच सेव्ह करायचं राहिलं असेल. यूईएफआय केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं, विंडोज झक्कास सुरू. चहा पिऊन निघालो.

दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन. जाऊन बघतो तर बूट मोड पुन्हा लेगसी. आता मला संशय आला की कोणीतरी बायोसमध्ये हात घालतंय. दुकानातल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “दादा, मला ते निळं-बिळं काही कळत नाही. मी कशाला हात लावू?” खरंच होतं. मी मशीन उचलून माझ्याकडे आणलं.

माझ्याकडे तीन दिवस मशीन असं चाललं की बघत राहावं. वीस वेळा रीस्टार्ट केलं, दहा वेळा बंद करून चालू केलं, रात्रभर बंद ठेवलं आणि सकाळी लावलं. एकदाही अडलं नाही. दवाखान्याच्या दारात पाऊल ठेवलं की पोराचा ताप उतरतो, त्यातलाच प्रकार. परत नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन.

या वेळी मी ठरवलं की आधी कशालाही हात लावायचा नाही, ताई सकाळी काय करतात ते नुसतं उभं राहून बघायचं. त्यांनी शटर उघडलं, दिवा लावला, उदबत्ती फिरवली, आणि मग दाराजवळचा मेन स्विच वर केला. यूपीएस ओरडला, मशीनचं बटण दाबलं. लोगोच्या आधी एक काळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत चार ओळी, आणि मी वाचायच्या आत ताईंचं बोट एफ२ वर गेलं होतं.

“हे काय होतं?”

“ते रोजच येतं हो दादा. एफ२ दाबलं की जातं.”

“कधीपासून येतंय?”

“झाली की दोन वर्षं. आधी एफ२ दाबलं की मशीन चालू व्हायचं. आता तुम्ही अकरा टाकल्यापासून दाबलं तरी होत नाही.”

त्या चार ओळींत लिहिलेलं होतं की सीमॉसची, म्हणजे बायोसची साठवलेली, सेटिंग बिघडलेली आहे. एफ१ दाबली तर सेटअप उघडेल, एफ२ दाबली तर कारखान्यातली मूळ सेटिंग घेऊन पुढे जाऊ. ताई दोन वर्षं रोज सकाळी बायोसची सगळी सेटिंग पुसून टाकत होत्या, आणि त्याने कोणाचं काही अडत नव्हतं. अडायला लागलं ते मी अपग्रेड केल्यापासून.

मग झालं काय?

मदरबोर्डावर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२. तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. मशीनला बाहेरून करंट नसतो तेव्हा घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसची सेटिंग टिकवणं हे त्याचं काम. नव्या बोर्डांत सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असतात, तरी मधे सेलचा करंट तुटल्याचं लक्षात आलं की बरेच बोर्ड मूळ सेटिंगवर जातात.

गंमत अशी की मशीन शटडाउन केलं तरी वायर बोर्डात असेल आणि बटण चालू असेल, तर एसएमपीएस मदरबोर्डाला पाच व्होल्टचा स्टँडबाय करंट देत राहतो. तेवढ्यावर घड्याळ आणि सेटिंग दोन्ही जगतात. सेल मेलेला असला तरी कळत नाही. माझ्याकडे मी मशीन बंद करत होतो, पण पाठीमागची वायर एकदाही काढली नव्हती. त्या दुकानात मात्र मालक रोज रात्री मेन स्विचच खाली करतात. कोकणात पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की मॉडेम, प्रिंटर, इन्व्हर्टर काय काय जळतं ते आम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्यांची सवय चुकीची म्हणता येत नाही. मेन खाली गेला की स्टँडबाय बंद, सेल तर केव्हाच गेलेला, बायोस सगळं विसरतो.

विंडोज १० असताना हे विसरणं चालून जायचं, कारण या बोर्डाची मूळ सेटिंग लेगसी होती आणि दहाही लेगसीवरच बसवलेलं होतं. बायोस विसरला तरी विसरून तो जिथे जायचा तिथेच विंडोज होतं. लेगसी पद्धतीत बोर्ड डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो आणि तिथून गाडी पुढे निघते. १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आलेली ही एमबीआर पद्धत. विंडोज ११ ला यूईएफआय लागतं, म्हणून मी अपग्रेडआधी एसएसडी एमबीआरची जीपीटी (डिस्कचे वाटे नोंदवायची नवी पद्धत) करून घेतली होती. यूईएफआय पद्धतीत बोर्ड डिस्कवरच्या एका छोट्या वेगळ्या पार्टिशनमधली बूट फाइल उघडतो. त्या दिवसापासून मूळ सेटिंग आणि विंडोज यांची फारकत झाली. बायोस सकाळी उठून जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो आणि तिथे आता कोणी राहत नाही.

घड्याळानेही दोन वर्षं ओरडून सांगितलं असणार. ताईंना विचारलं तर म्हणाल्या की सकाळी सकाळी क्रोम ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ म्हणून साइट उघडू द्यायचा नाही, थोड्या वेळाने आपोआप नीट व्हायचं. इंटरनेटवरून विंडोज वेळ दुरुस्त करून घेतं, म्हणून तेही कोणाच्या मनावर आलं नाही.

तुमच्या मशीनला हेच आहे का, ते कसं बघायचं

मशीन शटडाउन करा. भिंतीवरचं बटण बंद करा आणि कॅबिनेटच्या मागची वायर काढून ठेवा. नुसता यूपीएस बंद करून भागत नाही, वायरच काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट निघून जाईल. सेल ठार मेलेला असेल तर अर्धा तास पुरतो, अर्धवट जिवंत असेल तर रात्रभर तसंच ठेवा. नंतर वायर लावून चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि बायोसमध्ये तारीख बघा. तारीख काही वर्षं मागे गेलेली असेल तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

मल्टिमीटर असेल तर सेल काढून थेट मोजा. नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली आला की मी बदलतोच. त्या दुकानातला सेल १.४ दाखवत होता.

सेल काढण्याआधी दोन कामं. एक, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः साटा मोड, बूटचं पान आणि सिक्युरिटीचं पान. दोन, विंडोज चालू करून सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर रिकव्हरी की हातात आल्याशिवाय बायोसला हात लावू नका. नाहीतर टीपीएमची, म्हणजे कुलपाची की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपची, सेटिंग बदलली की मशीन निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागत बसेल. दुकानदारांकडे एक प्रकार फार दिसतो: ज्याने मशीन विकलं त्यानेच स्वतःच्या किंवा असल्याच कुठल्यातरी ईमेलवर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून दिलेलं असतं, आणि की त्या खात्यात पडलेली असते. आधी ते खातं शोधा. की वहीत लिहून ठेवलेली असेल आणि मशीन ती घेत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. ती सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. कॅल्क्युलेटरवर एकेक गट भागून बघा. ज्याला भाग जात नाही तिथे लिहिताना चूक झालेली आहे. एका पेढीवाल्याच्या वहीतला १ हा खरंतर ७ होता, तो असाच सापडला.

सेल बदलणं हे पाच मिनिटांचं काम. वायर काढलेली हवी. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. सॉकेटच्या कडेची बारीक क्लिप नखाने बाजूला दाबली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. दुकानात सीआर२०३२ नसेल तर ‘हाही चालतो’ म्हणून सीआर२०२५ देतात. तो अर्ध्या मिलिमीटरहून जास्त पातळ असतो, सैल बसतो, आणि महिन्याने तुम्ही पुन्हा इथेच याल. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुतेक वेळा दोन वायरी आणि छोट्या पिनेसह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, काही नव्या लॅपटॉपमध्ये तो नसतोच, मुख्य बॅटरीच ते काम करते.

सेल बसला की बायोसमध्ये जाऊन आधी तारीख-वेळ लावा. मग सीएसएम (लेगसी चालू ठेवणारी सोय) बंद करा म्हणजे बूट मोड यूईएफआय होईल. साटा मोड फोटोतल्यासारखाच ठेवा. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम चालू करा, विंडोज ११ ला लागणारा टीपीएम तोच. सिक्युअर बूट चालू करताना ‘की नाहीत’ अशी कुरकुर झाली तर तिथेच कारखान्यातल्या की परत भरण्याचा पर्याय असतो, तो घ्या. बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला आणा. हार्डडिस्कचं नाव पहिलं ठेवायचं नाही, हे लक्षात ठेवा. बूट मोड यूईएफआय नसेल तर हा पर्याय यादीत दिसतही नाही. एफ१०, सेव्ह. आणि मग पुन्हा एकदा वायर काढून, रात्रभर ठेवून तपासा. मी हीच एक गोष्ट केली असती तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

सेल चांगला आहे, पण यूईएफआय केल्या केल्या मशीन अडलं

हा भाऊबंद वेगळा. मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक अकराची तयारी म्हणून बायोसमध्ये थेट सीएसएम बंद करतात, डिस्क मात्र अजून एमबीआरच असते. मग मशीनला विंडोज सापडत नाही. घाबरू नका, काही उडालेलं नाही. सीएसएम परत चालू करा, दहा जसंच्या तसं सुरू होईल. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क शून्यवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल वाचा. एमबीआर असेल तर डेटाची कॉपी काढून घेऊन एमबीआरटूजीपीटी हे विंडोजमधलंच साधन वापरा. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ या आवृत्तीपासून ते आत आहे. आधी व्हॅलिडेट करून बघायचं, ते पास झालं तरच कन्व्हर्ट, आणि त्यानंतर सीएसएम बंद. क्रम उलटा केला की अडतं.

आपल्याकडे हे व्हॅलिडेट बऱ्याचदा नापास होतं. एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार वाटे करून देण्याची आपल्या बाजारातली जुनी रीत आहे, त्यातला डीपासून पुढचा माल एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये असतो. एमबीआरटूजीपीटीला एक्स्टेंडेड चालत नाही आणि तीनपेक्षा जास्त प्रायमरीही चालत नाहीत. अशा वेळी डी, ई, एफ मधला माल दुसऱ्या डिस्कवर हलवून ते वाटे काढावे लागतात. वेळखाऊ आहे, पण दुसरा बिनधोक मार्ग मला माहीत नाही.

फॉरमॅट मारू का?

‘एकदा विंडोज मारून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला या आजारात धोक्याचा आहे. कसा ते बघा. सेल मेलेला, बायोस लेगसीवर गेलेला. त्या अवस्थेत पेन ड्राइव्ह लावला की विंडोजचा सेटअप डिस्कवर बोट ठेवून म्हणतो, ही जीपीटी आहे, इथे बसणार नाही. मग घाईतला मेकॅनिक काय करतो? सगळी पार्टिशनं डिलीट करतो. सेटअप खूश, विंडोज बसतं, रोज सकाळी चालूही होतं, कारण आता ते पुन्हा मूळ सेटिंगच्या पत्त्यावर आलेलं असतं. आजार बरा झाल्यासारखा दिसतो आणि चार वर्षांचे टॅलीचे बॅकअप, फोटो, लोकांच्या फॉर्मच्या पीडीएफ, सगळं गेलेलं असतं. सेटअपने जीपीटीची तक्रार केली तर तिथेच थांबा, रद्द करा, बायोस यूईएफआय करा. नव्वद टक्के शक्यता अशी की जुनं विंडोज आतच सुखरूप बसलेलं आहे.

खरंच फॉरमॅट करायची वेळ आली तरी आधी उबंटू किंवा मिंटच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून डेटा बाहेर काढा. बसवायचं काही नाही, नुसतं चालवायचं. डिस्क बिटलॉकरची असेल तर तिथेही ती ४८ आकडी की लागेल.

नवा सेल घालूनही पुन्हा तेच

बऱ्याच बोर्डांवर सेलजवळ दोन किंवा तीन पिनांचा सीमॉस पुसायचा जंपर असतो. कोणीतरी कधीतरी तो पुसायच्या जागी ठेवून विसरलेला असतो. तो नीट असेल तर सॉकेटच्या पत्र्या बघा. आमच्या दमट हवेत त्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढते आणि सेल चांगला असून पोचत नाही. टोकदार काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पत्री जराशी वर उचला. हेही ठीक असून सेल महिन्या-दोन महिन्यांत उतरत असेल तर बोर्डातच कुठेतरी करंट गळतोय. पुरात भिजलेल्या बोर्डांचं हे हमखास होतं, २०२१ च्या जुलैनंतर चिपळुणात अशी कितीतरी मशीनं धुऊन-वाळवून परत चालू केली गेली, त्यातली काही अजून कामावर आहेत. त्यांना दर काही महिन्यांनी सेल घालत राहणं किंवा रात्री बटण चालू ठेवणं, एवढंच. बोर्डावर जास्त खर्च करण्यात अर्थ नाही.

त्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनला यातलं काही लागलं नाही. नवा सेल घालून त्याच संध्याकाळी मालकांनी नेहमीसारखा मेन खाली केला. सकाळी ताईंनी फोन करून सांगितलं की ती चार ओळींची पाटी आलीच नाही, एफ२ दाबायची वाट बघत होते तेवढ्यात विंडोज आलं. दुकानातलं दुसरं मशीन त्याच वर्षी, त्याच खेपेत घेतलेलं. ते अजून दहावरच आहे आणि त्याच्यावर तर कुरकुरही नव्हती. तरी मी जाताना त्याचा सेल मोजला. २.६ भरला. तोही बदलून टाकला, अकराची गोष्ट नंतर बघू.